ख्रिस्ती मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता

ख्रिस्ती मंडळीचे पालन, शिक्षण व देखरेख ज्याच्याकडे सोपविलेली असते, त्या पुढाऱ्यास नव्या करारात ‘अध्यक्ष’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’ असून त्याचा अर्थ ‘देखरेख करणारा’ असा आहे. ‘बिशप’ हा शब्द त्यावरूनच आला. या पदास योग्य कोण, याचे विवेचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आढळते. ही पत्रे परंपरेने पौलाची मानली जातात. अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते मात्र ती त्याच्या अनुयायांनी नंतर लिहिली. तीताच्या पत्रात ‘वडील’ व ‘अध्यक्ष’ हे शब्द एकाच पदाला उद्देशून आलेले दिसतात. पुढील काळात ही पदे वेगळी झाली.

गुण व दोष

अध्यक्ष निर्दोष, संयमी, समंजस, अतिथिप्रिय व सौम्य असावा. तो मद्यपी, भांडखोर किंवा द्रव्यलोभी नसावा, अशी अपेक्षा आहे. त्याने स्वतःचे घर नीट चालविलेले असावे आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचा लौकिक चांगला असावा. शिकविण्याची हातोटी त्याच्या अंगी असणे आवश्यक मानले आहे. कुलीनता, संपत्ती वा वक्तृत्व यांचा मात्र या यादीत उल्लेख नाही. तिचा भर अधिकारापेक्षा विश्वासार्हतेवर आहे. आरंभीच्या मंडळ्या बहुधा घरांतून भरत आणि निराधार विधवांच्या पोषणाचा भार उचलत. त्यामुळे पुढाऱ्याच्या लोभाची किंवा रागीटपणाची झळ थेट दुर्बळांना बसण्याचा धोका होता.

मतभेद

अध्यक्ष ‘एका स्त्रीचा पती’ असावा, या अटीचे अर्थ निरनिराळे लावले जातात. काहींच्या मते तीत बहुपत्नीत्वाचा, तर काहींच्या मते पुनर्विवाहाचा निषेध आहे. इतर अभ्यासक तिचा अर्थ पत्नीशी एकनिष्ठ असणे असा करतात. रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत बिशप अविवाहित असतो. प्रॉटेस्टंट पंथांत तो विवाहित असू शकतो. स्त्रियांना हे पद द्यावे की नाही, याविषयीही मतभेद आहेत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रथमच एक स्त्री बिशप झाली.

नियम व अपवाद

नवशिक्याला हे पद मिळाल्यास तो गर्वाने फुगेल, असा इशारा तीमथ्याच्या पत्रात आहे. ३२५ च्या निकाया धर्मपरिषदेनेही नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांना बिशप करण्यास मनाई केली. तरीही ३७४ मध्ये मिलान येथील लोकांनी प्रांताधिकारी अँब्रोझ यांची या पदासाठी निवड केली. तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. पुढे ते पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील श्रेष्ठ आचार्यांपैकी एक गणले गेले.

रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार बिशपपदासाठी किमान ३५ वर्षे वय, धर्मगुरू म्हणून किमान ५ वर्षांची सेवा आणि धर्मशास्त्रीय विद्यांतील उच्च पदवी वा प्रावीण्य आवश्यक आहे. दृढ श्रद्धा, सदाचार, विवेक व चांगला लौकिक या जुन्या अटीही तिने कायम ठेवल्या आहेत. वय, सेवाकाल व पदवी कागदपत्रांवरून पडताळता येतात. बाकीच्या गुणांसाठी उमेदवाराला जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षीवर विसंबावे लागते.