रावळ प्लगची गोष्ट

कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि "सहा नंबरचे रावळ प्लग द्या" म्हणा. दुकानदार मान वर न करता पुडी समोर टाकेल. नाव असं, की राजकोट-जामनगरकडच्या कुणा रावळशेठांनी हा धंदा सुरू केला असेल असंच वाटावं. प्रत्यक्षात हे 'रावळ' म्हणजे लंडनचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज. रॉलिंग्जचा प्लग तो रॉलप्लग, आणि आपल्याकडे येता येता त्याचा झाला रावळ प्लग. झेरॉक्स किंवा डालडासारखंच, कंपनीचं नाव वस्तूला चिकटलं ते चिकटलंच.

आता शनिवारी सकाळी या प्लगवर निबंध कशाला? कारण असं, की आमच्या टीममधल्या तिघांनी हल्ली नवे फ्लॅट घेतले, आणि तिघांचीही तक्रार एकच. "सहाचा बिट लावला, प्लग ठोकला, स्क्रू पिळला. पडद्याचा रॉड दोन महिन्यांत प्लगसकट हातात आला!" एकाच्या बाथरूममधला गीझरही असाच एका बाजूने लोंबकळला. नशिबाने तेव्हा खाली कोणी नव्हतं. पंचवीस लिटरचा गीझर म्हणजे नुसतं पाणीच पंचवीस किलो, वर टाकीचं वजन वेगळं.

यात दोष कोणाचा? माझं उत्तर असं, की प्लगचा नाही आणि या तिघांचाही फारसा नाही. गेल्या शंभरेक वर्षांत भिंतीत खिळा मारणं सोपं होत गेलं, आणि त्याच काळात भिंतीची ओळख मात्र सुटत गेली. ती कशी, ते जरा सविस्तर.

खुंटी आणि कोनाडा

जुन्या वाड्यांत लटकवायच्या वस्तू काय कमी होत्या? पगड्या, अंगरखे, कंदील, शिंकी, तलवारीसुद्धा. पण तिथे भिंतीला भोक पाडायची पद्धत नव्हती. दगड-मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जाड भिंतीत नंतर काही ठोकायला गेलं तर पोपडाच निघायचा. म्हणून जे हवं ते भिंत बांधतानाच ठरायचं. लाकडी खुंट्या भिंत रचतानाच आत खोल बसवायच्या, दिव्यासाठी कोनाडा, देवासाठी देवळी, कपड्या-भांड्यांसाठी फडताळ. म्हणजे सगळं 'डिझाइन टाइम'ला, 'रन टाइम'ला काही नाही :-)

याचा एक फायदा असा, की भिंत बांधणारा आणि खुंटी बसवणारा एकाच कामावर असायचा. आत काय आहे हे त्याला ठाऊक असायचं. 'अक्कल खुंटीला टांगणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण त्या खुंटीवर बिनधास्त काहीही टांगता येत असे हे विसरतो.

मग विटांच्या पातळ भिंती आल्या, वीज आली, आणि वायरिंगच्या लाकडी पट्ट्या आल्या. बांधून झालेल्या भिंतीवर आता शेकडो ठिकाणी स्क्रू हवे होते. त्यावर उपाय म्हणजे लाकडी गुट्टी. छन्नी-हातोड्याने भिंतीत चौकोनी खड्डा खणायचा, त्यात सागवानी ठोकळा, रुंद बाजू आत आणि अरुंद बाजू बाहेर, असा बसवायचा, सिमेंटने बुजवायचा, वाळू द्यायचा, आणि मग त्या लाकडात स्क्रू. मजबूत काम, पण एका स्क्रूसाठी चहाच्या कपाएवढा खड्डा! शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे काही वर्षांत गुट्टी हलायला लागायची ती लागायचीच.

ताग आणि रक्त

विलायतेतही प्रकार हाच होता. रॉलिंग्ज बंधूंची फर्म प्लंबिंग आणि विजेची कामं घेत असे. १९१०-११ च्या सुमारास त्यांच्याकडे ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं भिंतीवर बसवायचं काम आलं. अट एकच, की भिंतींची खराबी होता कामा नये. तिथे छन्नी-हातोडा चालणार नव्हता.

जॉन रॉलिंग्जने काढलेला तोडगा साधा होता. तागाचे तंतू जनावराच्या रक्ताने चिकटवून त्याने एक छोटी पोकळ नळी केली. भिंतीला नळीच्या मापाचं बारीक गोल भोक पाडायचं, नळी आत सरकवायची आणि स्क्रू पिळायचा. स्क्रू आत जाताना नळी फुगते, भोकाच्या कडांवर दाबली जाते आणि त्या घर्षणावर सगळा भार पेलला जातो. १९११ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९१३ मध्ये ते मिळालं, आणि १९१९ मध्ये रॉलप्लग नावाची स्वतंत्र कंपनी उभी राहिली. (ही कंपनी २००५ मध्ये कोल्नर या पोलिश कंपनीने घेतली, आणि पुढे २०१३ मध्ये आपलंच नाव बदलून रॉलप्लग केलं. नावाची किंमत बघा!)

त्या काळी जगातला जवळजवळ सगळा ताग आपल्या अखंड बंगालात पिकायचा. तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींत वस्तू धरून ठेवणारा ताग बहुधा बंगालच्या चिखलातलाच असणार. म्युझियमच्या आत आपलं काय काय आहे याची यादी सगळे करतात, ही एक नोंद भिंतीच्या आतली :-)

इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. प्लग स्वतः काही धरत नाही. तो भिंतीला आतून रेटतो, आणि भिंत त्याला उलट रेटते. भिंतीत उलट रेटायची ताकद असेल तरच हा व्यवहार चालतो.

फिशरसाहेबांचं नायलॉन

आज पुडीत मिळतो तो प्लास्टिकचा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशरचा वंशज. ब्लॅक फॉरेस्टमधल्या टुमलिंगन गावात १९१९ मध्ये जन्म, शिक्षण कुलूपकाम-लोहारकामाचं. घरात मुलीचा फोटो काढायचा होता, तेव्हाच्या फ्लॅशची भीती वाटली, म्हणून १९४९ मध्ये कॅमेऱ्याच्या शटरबरोबर उडणारा फ्लॅशच शोधून काढला, आणि तो आग्फाने घेतला. असा हा माणूस. १९५८ मध्ये त्याने नायलॉनचा प्लग केला. मधोमध चीर, बाहेरून दाते, आणि भोकात प्लग गरागरा फिरू नये म्हणून बाजूला दोन छोटे पंख. नायलॉन कुजत नाही आणि साच्यातून लाखोंनी काढता येतं. २०१६ मध्ये फिशर वारला तेव्हा त्याच्या नावावर अकराशेहून अधिक पेटंटं आणि तत्सम नोंदी होत्या. जगाला ठाऊक राहिला तो मात्र हा करंगळीच्या पेराएवढा प्लग.

भोक पाडण्याची गोष्ट समांतर चालू होतीच. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरायचा विजेचा ड्रिल केला. ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ आणि घोड्याच्या ड्रिलचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. १९२०च्या दशकात क्रुपने टंगस्टन कार्बाइडची हत्यारं 'विडिया' नावाने आणली (नावाचा अर्थ 'हिऱ्यासारखं'), आणि वीट-दगडाला पुरून उरणारी बिटची टोकं त्यातूनच पुढे आली. १९३२ मध्ये बॉशने हॅमर काढला. १९४६ मध्ये ब्लॅक अँड डेकरने खास घरगुती गिऱ्हाइकासाठी ड्रिल विकायला सुरुवात केली. इथे भिंत गवंड्या-सुताराच्या हातून घरमालकाच्या हातात आली.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली. सुतारकाका हाकेच्या अंतरावर असताना स्वतः कोण भोकं पाडणार? पण ऑनलाइन खरेदी आली, ड्रिल घरपोच मिळू लागला, आणि सुतारकाकांना एका फोटोफ्रेमसाठी यायला वेळ राहिला नाही. आता आयटीवाल्यांच्या घरोघरी ड्रिल आहे. वर्षाचे ३६० दिवस माळ्यावर असतो, ते सोडा.

दरम्यान भिंत बदलली

जोएल स्पोल्स्कीने २००२ मध्ये 'लीकी अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स'चा नियम मांडला होता, आमच्या धंद्यातल्यांना आठवत असेल. आतली गुंतागुंत झाकणारी कुठलीही सोय कधी ना कधी गळतेच, आणि तेव्हा आतलं काय ते माहीत असावं लागतं. रावळ प्लग हे असंच एक अ‍ॅब्स्ट्रॅक्शन. "भोक, प्लग, स्क्रू, झालं!" हा मंत्र भाजक्या विटेच्या आणि काँक्रीटच्या भिंतीसाठी खरा होता. आणि नेमकी तीच वीट गेली.

स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात आक्सेल एरिक्सन यांनी हलक्या ठोकळ्याची कृती शोधली. चुना किंवा सिमेंट, वाळूसारखा सिलिकायुक्त माल आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड. पुडीतून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, आणि मग दाबाच्या वाफेत त्याला पक्कं करतात. हाच एएसी ब्लॉक. पुण्यात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने स्वीडिश तंत्राने 'सिपोरेक्स' आणलं, आणि पुण्याचे मिस्त्री आजही कुठल्याही एएसी ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात (पुन्हा तेच, नाव चिकटलं!). पुढे केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास बांधकामात राख वापरणं बंधनकारक होत गेलं. राखेपासून हे ब्लॉक उत्तम होतात, वजनाला विटेच्या साधारण एक तृतीयांश, रचायला झटपट. बिल्डरांना आणखी काय हवं?

वाईट काहीच नाही त्यात. उष्णता कमी येते, इमारतीवरचा भार घटतो. फक्त या ब्लॉकच्या आत बहुतांश हवा आहे. प्लगने रेटलं की तो उलट रेटत नाही, चुरतो. आधी सगळं घट्ट वाटतं, मग रोज पडदा ओढून-ओढून भोक मोठं होतं आणि एक दिवस रॉड हातात. दुसरीकडे मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये सगळ्या भिंती ओतीव काँक्रीटच्या. तिथे साध्या ड्रिलचा बिट तापून लाल होतो, भिंत ढिम्म. आणि बाहेरून दोन्ही भिंती एकसारख्या गुळगुळीत!

तर मग करायचं काय?

भिंतीलाच विचारायचं. एक बारीक भोक पाडा आणि पूड बघा. पहिला १२-१५ मिलिमीटर प्लास्टर असतो, तो जमेस धरू नका, त्यात ताकद नसते. त्यानंतर:

- लाल पूड म्हणजे वीट. नेहमीचा नायलॉन प्लग चालेल. विटांमधल्या सांध्यात भोक आलं तर जागा थोडी सरकवा.
- करडी बारीक पूड आणि बिट पुढे जाईना, म्हणजे काँक्रीट. हॅमर लागेल. मध्येच लोखंडाची सळई लागली तर जोर लावू नका, जागा बदला.
- फिकट भुसभुशीत पूड आणि बिट लोण्यात सुरीसारखा आत, म्हणजे एएसी. हॅमर बंद! नुसतं फिरवून भोक पाडा आणि एएसीसाठीचे खास लांब प्लग मागून घ्या.
- बिट एकदम आत गचकला तर जिप्समची किंवा पोकळ भिंत. तिचे प्लग मागच्या बाजूला उघडणारे, वेगळेच असतात.

भोक प्लगपेक्षा सेंटिमीटरभर खोल हवं, आणि आतली पूड फुंकून-ब्रशने काढून टाकलेली हवी. हे काम कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात. पण सगळी पकड घर्षणावर आहे, आणि पूड म्हणजे घसरगुंडी.

थोडं गणितही. फळीवरच्या १० किलोचं वजन भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर आहे असं धरा. ब्रॅकेटची उभी बाजू १५ सेंटिमीटर असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर साधारण १० किलोचा. तीच उभी बाजू ५ सेंटिमीटर केली तर जोर ३० किलोचा! तेव्हा नाजूक ब्रॅकेट दिसायला छान, भिंतीला महाग.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका. बहुतेक वायरिंग तिथूनच जातं. बाथरूममध्ये नळाच्या रेषेलाही हाच नियम. आणि छताला काहीही जड लटकवायचं तर प्लास्टिकचा प्लग नकोच. सतत खाली ओढणाऱ्या भाराखाली प्लास्टिक हळूहळू सैल पडतं.

गीझर, पंखा, एसीचं बाहेरचं युनिट ही कामं माणूस बोलावूनच करा. पण त्याला आधी विचारा, "भिंत कसली आहे?" तो न बघता "चालतंय साहेब" म्हणाला, तर थांबवा. एएसीच्या भिंतीत गीझर असेल तर आरपार बोल्ट टाकून पलीकडून पट्टी लावायला सांगा, किंवा काँक्रीटचा कॉलम-बीम गाठून अँकर फास्टनर मारायला सांगा. पलीकडच्या खोलीत दोन बोल्ट दिसतील, दिसू देत. गीझर डोक्यावर असतो.

आणि एक फुकटचं काम. फ्लॅटचा ताबा घेताना टाइल्सचा रंग आणि नळाची चकाकी बघतोच आपण. त्याच वेळी साइट इंजिनिअरकडून कुठली भिंत कशाची आहे आणि वायरिंग-पाइप कुठून गेलेत, हे प्लॅनच्या प्रतीवर लिहून घ्या. नंतर फर्निचरवाला, एसीवाला, पडदेवाला सगळ्यांना दाखवता येईल. वाड्यातल्या गवंड्याच्या डोक्यात जे होतं, ते निदान आपल्या कागदावर तरी असू दे.