हवापालट

मराठीत आरोग्याची चौकशी दोन शब्दांनी होते. एक घर विचारतं, ‘प्रकृती कशी आहे?’ शेजारचं घर विचारतं, ‘तब्येत कशी आहे?’ पहिला शब्द संस्कृतातला, दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेला. दोघांचं मूळ पाहिलं तर गंमत वाटते. प्रकृती म्हणजे निसर्ग, आणि अरबीतली ‘तबीअत’ म्हणजेही निसर्ग, उपजत स्वभाव. दोन दूरच्या भाषांमधले निसर्गाचे शब्द आपण उचलले आणि दोन्ही माणसाच्या अंगाला चिकटवले. मी कविता लिहिणारा माणूस, शब्दांच्या अशा सोयरिकी दिसल्या की तिथं थोडा रेंगाळतोच. पण आज बोलायचं आहे ते तिसऱ्याच शब्दाबद्दल. तो म्हणजे हवापालट. यातली हवा अरबी आणि पालट अस्सल मराठी.

आपल्या आजोबांच्या काळात हवापालट हे औषधच होतं. टायफॉइडमधून उठलेल्याला, बाळंतपणानंतर खंगलेल्या बाईला, सारखं खोकणाऱ्या मुलाला डॉक्टर सांगायचे, महिनाभर हवापालट करा. कोल्हापुरातला ऐपतदार माणूस पन्हाळ्यावर खोली घ्यायचा. ज्याला ते परवडायचं नाही, तो मामाच्या गावी मळ्यात जाऊन राहायचा. बाटलीत न मिळणारं हे औषध आलं कुठून आणि गेलं कुठं, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

माझी दादी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची. ‘गाठीच्या सालात’ सगळी गल्ली उठून माळावर गेली होती. गाठीचं साल म्हणजे प्लेगचं. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग मुंबईत उघडकीला आला आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनभर पसरला. शाहू महाराजांना गादीवर येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. दुष्काळ आणि प्लेग ही दोन्ही संकटं त्यांच्यापुढं जोडीनं उभी राहिली. संस्थानानं लोकांना गावाबाहेर, रानात राहायला उत्तेजन दिलं. माळावर कुडाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. दादीच्या आईच्या आठवणीत माळावरचा वारा होता, उघड्यावरची चूल होती आणि परत आल्यावर कायमची बंद राहिलेली काही दारंही होती.

त्या काळी पुष्कळांची समजूत अशी, की कोंदट, सडक्या हवेतून रोग होतो आणि मोकळ्या हवेत तो टिकत नाही. प्लेगचं खरं कारण वेगळंच निघालं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं, की तो उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो. लोक वाचले ते उंदीर आणि पिसवा घरात मागं राहिल्या म्हणून. उपाय बरोबर होता, कारण चुकलं होतं. वैद्यकाच्या इतिहासात हे पुष्कळदा घडलं आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. जीव वाचले हे खरं.

मोकळ्या हवेची खरी सद्दी चालली ती क्षयरोगात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात डोंगरावरची, झाडीतली क्षयरुग्णालयं सुरू झाली, पुढं अमेरिकेत झाली. औषध नव्हतंच. मग काय करायचं? रुग्णाला व्हरांड्यात खाटेवर झोपवायचं, दूध-अंडी द्यायची, समोर झाडं आणि वर आभाळ. आपल्याकडं पाचगणी त्यासाठी नावाजली. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थानं तिथं वस्ती वसवताना बाहेरची झाडं आणून लावली होती. त्याच पाचगणीत डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल एअर सॅनेटोरियम काढलं. १९४४ मध्ये कैदेतून सुटल्यावर गांधीजीही प्रकृती सावरण्यासाठी पाचगणीत येऊन राहिले होते.

कोल्हापूरकरांना जवळचं ठिकाण म्हणजे मिरज. तिथं डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि १९२० च्या सुमारास मिरज-सांगली रस्त्यावरच्या मोकळ्या माळावर क्षयरुग्णांसाठी सॅनेटोरियम उभं राहिलं. तीच आजची वानलेसवाडी. आता तिथं दाट वस्ती आहे. बसमधून जाताना त्या नावामागं एके काळी खोकणाऱ्या माणसांच्या खाटा होत्या, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

या औषधाची एक मोठी अडचण होती. ते सगळ्यांना मिळत नव्हतं. पाचगणीत महिनोन् महिने राहायचं तर मागं घर चालवणारं कुणी हवं. गिरणीतला कामगार, तालमीशेजारच्या खोलीत दहाजणांत राहणारा हमाल, त्याला हवापालट सांगणं म्हणजे चेष्टाच. क्षय तर अशाच घरांत जास्त.

१९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पाठोपाठ आणखी औषधं आली आणि १९५६ मध्ये मद्रासला एक धाडसी प्रयोग सुरू झाला. क्षयाच्या जवळपास दोनशे गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तिथं हवा, विश्रांती, चांगलं जेवण. दुसऱ्या गटाला त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते! साऱ्या जगाच्या क्षयोपचाराची दिशा या मद्रासच्या प्रयोगानं बदलली. गरिबाला पाचगणीची गरज उरली नाही, गोळ्या पुरेशा होत्या. त्यानंतर सॅनेटोरियमं ओस पडत गेली आणि डॉक्टरांच्या तोंडून हवापालट हा शब्दही हळूहळू गेला.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी तर तो आधी वाचावा. हल्ली अमुक झाडाखाली बसलं की तमुक रोग पळतो असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. क्षयाला गोळ्याच लागतात, मधुमेहाला डॉक्टरच लागतो. वडाच्या पारावर बसून इन्शुलिन मिळत नाही.

मग हिरवाईचं काहीच खरं नाही का? तर आहे. तिनं वैद्यकात पुन्हा प्रवेश केला तो एका खिडकीतून. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातली कागदपत्रं तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यानं निवडले. काहींच्या खिडकीबाहेर झाडं होती, काहींच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. बाकी सगळं शक्य तितकं सारखं. अशा तेवीस जोड्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी आठ दिवसांच्या आत घरी गेले, भिंत दिसणाऱ्यांना त्याहून सुमारे पाऊण दिवस जास्त लागला. झाडंवाल्यांनी वेदनेची जोरदार औषधंही कमी मागितली. हा अभ्यास १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. सेहेचाळीस माणसं म्हणजे फार नव्हेत आणि रुग्णालय एकच, हे खरं. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवानं लिहून ठेवलेलं, की रुग्णाला खिडकीबाहेरचं दिसणं आणि फुलांचा रंग हा नुसता मनाचा विरंगुळा नसून शरीरावरही त्याचा परिणाम होतो, त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला.

कोल्हापूरकराला हे वाचताना थोरला दवाखाना आठवल्याशिवाय राहत नाही. सीपीआर असं आपण म्हणतो खरं, पण जुन्या माणसांच्या तोंडी थोरला दवाखानाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून तो उभा राहिला. रस्ता ओलांडला की टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळात मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधलेली, निमुळत्या मनोऱ्यांची ही दगडी इमारत. आत आता वस्तुसंग्रहालय आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. परगावचा पाहुणा त्या बघायला येतो. गावाकडून आलेल्या रुग्णाचे नातेवाईक मात्र येतात ते बागेसाठी.

अब्बा थोरल्या दवाखान्यात होते तेव्हा मीही तिथं बसलेलो आहे. दुपारी बाराच्या सुमाराला गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीकडची माणसं झाडाखाली फडकं सोडतात. भाकरी, झुणका, ठेचा. एक बाई रडते, दुसरी अनोळखी बाई तिला पाणी देते. कुणी चिठ्ठी घेऊन औषधाला पळतो, कुणी पिशवी उशाला घेऊन तासभर झोपतो. वॉर्डातल्या माणसाला धीर द्यायचा तर आधी धीर देणाऱ्याचा जीव थाऱ्यावर हवा, आणि तो तिथं येतो. टाऊन हॉलच्या आवाराची ती बाग कुणी दवाखान्याच्या सोयीसाठी आखली असेल असं वाटत नाही. पण काम तिनं तेच केलं. श्रीमंताचा हवापालट पाचगणीला होई, गरिबाचा रस्ता ओलांडून होतो.

हे माझं भाबडं म्हणणं नव्हे. रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपहॅम यांनी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधला मोठा अभ्यास मांडला. गरीब माणसं श्रीमंतांपेक्षा लवकर मरतात, हे सगळीकडंच दिसतं. पण ज्या भागांत हिरवाई जास्त होती, तिथं ही दरी कमी भरली. पुढं २०१९ मध्ये इंग्लंडमधल्याच जवळपास वीस हजार माणसांच्या पाहणीतून असं दिसलं, की आठवड्यातून एकूण दोन तास तरी निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. दोन तास एकदम की तुकड्यातुकड्यांनी, यानं फरक पडला नाही. यात एक मेख आहे. ज्याची तब्येत बरी तोच जास्त फिरायला जाणार, तेव्हा कशामुळं काय झालं हे सांगणं सोपं नसतं. संशोधकही तसं कबूल करतात.

कारणं कुठली, याचा शोध चालू आहे. काही तर उघडच आहेत. बाग असली की माणूस चालतो. सावलीत उन्हाचा तडाखा कमी बसतो. रहदारीचा गोंगाट थोडा लांब राहतो. आणि माणसं भेटतात. रंकाळ्यावर पहाटे गेलात तर साडीवर बूट घालून झपझप चालणाऱ्या बायका दिसतील. त्यांतल्या कितीजणी घरी गुडघे दुखतात म्हणून बसल्या असत्या, आणि कितीजणी मैत्रिणीसाठी येतात, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या साडेआठशे एकरांत फिरणाऱ्यांचंही तेच. १९६२ मध्ये विद्यापीठ झालं ते उघड्या माळावर. तिथली आजची गर्द झाडी लावलेली आणि जगवलेली आहे, हे नव्या मुलांना खरं वाटत नाही.

पण रंकाळा काय, विद्यापीठ काय, दोन्ही ठिकाणी सवड असलेला, धडधाकट माणूस जातो. जो आजारी आहे, ज्याचं माणूस आजारी आहे, त्याला हिरवाई हवी ती शंभर पावलांवर. नेमकी तिथली जागाच आधी जाते. रुग्णालय वाढतं तसं वाहनतळ लागतो, जनरेटरला खोली लागते, आणि कोपऱ्यातलं झाड आडवं येतं. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. वय मोजायची सोय झाली. त्याच्या बुंध्याशी रोज किती डबे उघडतात, याची मोजणी कुठल्या कायद्यात बसवायची हा प्रश्न आहे.

मध्यंतरी माझे एक कविमित्र इथल्याच एका खासगी रुग्णालयात होते. खोली चांगली, एसी चालू, खिडकीवर जाड पडदा आणि कॉटचं तोंड टीव्हीकडं. मी पडदा सरकवला तर बाहेर चांगला डवरलेला कडुनिंब! सिस्टरना विचारून वॉर्डबॉयनं आणि मी कॉट फिरवली. मित्र म्हणाले, ‘त्या वरच्या फांदीवर कावळ्याचं घरटं आहे बघ.’ चार दिवस त्यांनी ते घरटं पाहिलं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याचीच हकीकत सांगितली. टीव्ही लावायला त्यांनी एकदाही सांगितलं नाही.