खण, खांब आणि तुळई : नागपूरच्या गृहरचनेतील एक स्थित्यंतर

घराचा विस्तार सांगण्याची जुनी मराठी रीत चौरस फुटांची नव्हे, खणांची होती. दोन खांबांमधील अथवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. घर पाच खणी आहे असे म्हटले की त्याची लांबी आणि त्यातील खांबांची मांडणी ही दोन्ही ऐकणाऱ्याच्या ध्यानी येत. मोजण्याचे परिमाण व भार पेलण्याची पद्धती एकाच शब्दात सामावलेली होती. पुढे हे दोन अर्थ एकमेकांपासून कसे दुरावले, हे नागपूरच्या उदाहरणावरून पाहता येते.

भोसलेकालीन नागपुरातील थोरांची घरे लाकडी सांगाड्याची असत. महालातील भोसल्यांच्या राजवाड्यात काळा दगड व कोरीव लाकूडकाम यांचा संगम होता. 1864 साली तो आगीत भस्मसात झाला. अशा रचनेत खांब दगडी तळखड्यावर उभा राही. त्यावर तुळई आणि तुळईवर कडीपाट. चांदा भागातील सागाची अरण्ये जवळ असली, तरी एका वृक्षातून निघणाऱ्या तुळईच्या लांबीस व जाडीस मर्यादा होतीच. दालन मोठे हवे असल्यास मध्ये खांब घेणे भागच होते. तळघरात तर वरच्या सर्व मजल्यांचा भार उतरत असल्याने खांबांची दाटी अधिक होई.

मधला खांब काढल्यास नेमके काय घडते? दोन समान खणांवर दोन स्वतंत्र तुळया असतील, तर एकूण भाराचा अर्धा वाटा मधला खांब उचलतो आणि टोकांचे आधार प्रत्येकी चतुर्थांश. खांब गेल्यावर टोकांवरील भार दुप्पट होतो. गाळा दुप्पट झाल्याने तुळईस वाकविणारा परिणाम चौपट आणि त्याच छेदाच्या तुळईचा झोल सोळापट होतो. खांबाचा भार नाहीसा होत नाही. तो केवळ दुसरीकडे जातो. संस्कृत ‘तुला’ या शब्दाचे तराजू व तुळई असे दोन्ही अर्थ आहेत. तुळईवरील भारही दोन टोकांत असाच तोलला जातो.

ही मर्यादा ओलांडली ती लोखंडाने. 1867 साली नागपूरपर्यंत लोहमार्ग आला आणि अवजड माल दुरून आणणे सुकर झाले. 1912 साली साकची येथे, म्हणजे पुढील जमशेदपुरात, टाटांच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले. पोलादाची ताठरता सागाच्या सुमारे पंधरा ते वीस पट असते. शिवाय इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या छेदामुळे धातू जेथे अधिक उपयोगी तेथेच राहतो. जुन्या घरात धिरे देऊन मजला तोलावा, टोकांना नवे आधार व पाया द्यावा आणि मगच खांब काढून गर्डर बसवावा, ही दुरुस्ती त्यामुळे शक्य झाली. पायाचा विचार न करता केलेली अशी दुरुस्ती मात्र घरास घातक ठरते.

शहराच्या नैर्ऋत्येकडील प्रतापनगरसारख्या नव्या वस्त्यांत प्रबलित काँक्रीटचा सांगाडा रूढ झाला, आणि तेथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. लाकडी खांब तुळईखालून काढता येतो. काँक्रीटमध्ये खांब व तुळई एकजीव असतात. सलग तुळईत खांबावरच्या भागी ताण वरच्या अंगास येतो, म्हणून मुख्य सळया तेथे वर घातलेल्या असतात. खांब तोडला की तीच जागा नव्या गाळ्याचा मध्य बनते व ताण खालच्या अंगास येतो. तेथे मात्र पुरेशा सळया नसतात. वाहनांसाठी तळमजला मोकळा करण्याच्या हौसेने खांबास हात लावणे म्हणूनच लाकडी घरातल्याहून अधिक धोक्याचे.

लांब तुळईने खोली मोकळी केली आणि बोलण्यातून खण मागे सारला. आता घर चौरस फुटांत मोजले जाते. त्या आकड्यात किती खांब भार वाहतात याचा मागमूस नसतो. खणांत मोजणाऱ्यास खांब विसरता येत नव्हता. नव्या परिमाणात तो विसरता येतो, आणि जुने घर मोकळे करू पाहणाऱ्याने नेमके हेच लक्षात ठेवणे अगत्याचे होय.