जुन्या मोटारीचा ढिला चोक : निदान आणि दुरुस्ती

डिसेंबर-जानेवारीत बालाघाटाच्या डोंगररांगांतील मुखेड तालुक्यात पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. अशा वेळी कार्बोरेटरवर चालणारी जुनी पेट्रोल मोटार स्टार्टर फिरूनही सुरू होत नाही आणि मालकाचे लक्ष प्रथम बॅटरीकडे जाते. प्रत्यक्षात दोष अनेकदा चोकच्या जोडणीतील एखाद्या ढिल्या स्क्रूत असतो. गाडी ओढून नांदेडला किंवा लातूरला नेण्यापूर्वी ही जोडणी घराच्या अंगणातही तपासता येते.

कुर्ल्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अॅम्बेसेडर आणि १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० या आपल्याकडील परिचित कार्बोरेटरच्या मोटारी होत. २००० सालाच्या सुमारास इंधन इंजेक्शनची पद्धत आली आणि नव्या मोटारींतून हाताने ओढायचा चोक हद्दपार झाला. जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांत मात्र तो आजही काम करतो.

चोक नेमके काय करतो?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला पेट्रोलचे प्रमाण बरेच वाढवावे लागते. घुंडी ओढली की तार तरफेला खेचते, कार्बोरेटरच्या मुखाशी असलेली गोल पट्टी मिटते, हवा कमी होते आणि पेट्रोल अधिक ओढले जाते. याच वेळी दुसरी एक दांडी थ्रॉटल किंचित उघडून इंजिनाची आळशी गती वाढवते. काही सोलेक्स कार्बोरेटरांत या पट्टीऐवजी फिरती चकती असते. तथापि तार आणि तरफ यांचे काम तेच.

मिटणे नव्हे, उघडणे महत्त्वाचे

जोडणी ढिली झाल्यास दोन प्रकार घडतात. पट्टी मिटत नसेल तर गाडी सुरू होत नाही. हा दोष लगेच कळतो. पट्टी पूर्ण उघडत नसेल तर गाडी सुरू होते, चालतेही; म्हणूनच हा दोष अधिक घातक ठरतो. धूर काळा होतो, प्लगवर काजळी साचते, पेट्रोलचा खर्च वाढतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली उतरते, इंजिन ऑइल पातळ होते आणि रिंगांची झीज वाढते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल वाहनांना पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. अर्धवट मिटलेल्या चोकमुळे गाडी तेथेही अनुत्तीर्ण होऊ शकते. गती वाढवणारी दांडी अडकली तर पाय काढल्यावरही इंजिन वेगातच राहते. वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यावर हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

तपासणी

इंजिन पूर्ण थंड असावे, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि जवळपास विडी-काडी पेटवू नये. एअर फिल्टर उतरवून एकाने घुंडी ओढावी, दुसऱ्याने पट्टीकडे पाहावे. घुंडी पूर्ण ओढल्यावर पट्टी मिटली पाहिजे आणि आत ढकलल्यावर सरळ उभी राहिली पाहिजे. घुंडी हलूनही तरफ हलत नसेल तर आतील तार स्क्रूतून निसटते आहे. तारेचे बाहेरचे आवरणच पुढेमागे सरकत असेल तर त्याची पकड ढिली आहे. दोन्ही घट्ट असूनही तरफ डुलत असेल, तर पिन, क्लिप किंवा भोक झिजले असावे.

दुरुस्ती

कार्बोरेटरच्या मुखावर स्वच्छ कापड अंथरावे, म्हणजे निसटलेला स्क्रू इंजिनात पडणार नाही. काम संपल्यावर कापड आठवणीने काढावे. प्रथम आवरणाची पकड आवळावी. मग घुंडी पूर्ण आत ढकलून सुमारे दोन मिलिमीटर बाहेर घ्यावी, पट्टी बोटाने पूर्ण उघडी धरावी आणि तारेचा स्क्रू कसावा. या थोड्याशा अंतरामुळे घुंडी टेकण्याआधीच पट्टी पूर्ण उघडते. स्क्रू अति आवळल्यास तार चेपून तुटते. झिजलेली क्लिप किंवा पिन बदलावी. चिकटवून भागवू नये, कारण पेट्रोल आणि उष्णता यांपुढे साधा गोंद टिकत नाही.

तार तुटल्यास सायकलच्या ब्रेकची तार बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ती ओढण्याचे काम करते, परंतु लवचीक असल्याने पट्टीला परत ढकलू शकत नाही. उघडणारी स्प्रिंग नसलेल्या जोडणीत त्यामुळे चोक मिटलेलाच राहतो. चोकची तार एकसंध आणि ताठ असते ती याच कारणासाठी.

पट्टीला दांड्याशी जोडणारे बारीक स्क्रू ढिले दिसले किंवा दांडा स्वतःच्या भोकात खेळू लागला, तर मात्र कार्बोरेटर उतरवून जाणत्या मेकॅनिककडे सोपवावा. तो स्क्रू सिलिंडरमध्ये गेला तर इंजिन उघडण्याची वेळ येते. काम झाल्यावर इंजिन सुरू करून ते गरम होताच घुंडी आत ढकलावी. गती हळूहळू खाली येऊन इंजिन शांत चालले, तर दुरुस्ती साधली असे समजावे.