गोरोबाकाकांचे थापटणे आणि गणकयंत्र

तेरला जाऊन आलेल्या प्रत्येकाने मडक्यांची ती गोष्ट ऐकलेली असते. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईची नजर कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेली आणि हे कशासाठी, असे तिने विचारले. मडके पक्के की कच्चे ते पाहण्यासाठी, असे काकांनी सांगितले. मग आमचीही मडकी तपासा, असा आग्रह झाला आणि काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. बाकीचे निमूट बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि निकाल लागला की, हे मडके कच्चे.

हा प्रसंग अक्षरशः असाच घडला की नाही, याचा निवाडा करण्याचे आज प्रयोजन नाही. आमचे लक्ष वेधले ते काकांच्या पद्धतीने. एक टोला, एक प्रश्न आणि उत्तरे दोनच : पक्के किंवा कच्चे. ज्या यंत्राला पूर्वी गणकयंत्र म्हणत आणि आज सर्वजण संगणक म्हणतात, त्याच्या पोटात याहून वेगळे काही नाही. तिथेही प्रत्येक जागी एकच प्रश्न असतो आणि त्याची उत्तरे दोनच असतात. फरक एवढाच की, काकांच्या अंगणात दहावीस मडकी असतील, आणि आज खिशातल्या फोनमध्ये साठवणीचे जे माप सर्वांच्या तोंडी असते, त्या एका गिगाबाइटमध्ये अशा आठशे कोटी खुणा मावतात.

हा विषय आज निवडण्याचे कारण सांगतो. आपल्या जिल्ह्यात विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ साली आले. त्याच्या आधी, २००२ पासून, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि तालुक्यातालुक्यांतील मुलामुलींनी तो पूर्ण केला. कोणती कळ दाबली म्हणजे काय होते, हे ती चटकन सांगतात. परंतु कळ दाबल्यावर आत काय होते, असे विचारले की बहुधा शांतता पसरते. ही शांतता आम्हांस बरी वाटत नाही. ती का बरी वाटत नाही, ते शेवटी सांगू. आधी या यंत्राची कुळकथा पाहू. कारण तिच्यातले पुष्कळसे सामान आपल्याच घरात पडलेले आहे.

तेर हे संतांचे गाव होण्यापूर्वी कितीतरी शतके बाजारपेठ होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात तगर या फार मोठ्या नगराची नोंद केली आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो लिहितो. तगराहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे. हे तगर म्हणजेच आपले तेर. जिथे गाड्या भरल्या जातात, तिथे गठ्ठे मोजणारा कोणीतरी असतोच. आणि जिथे मोजणी आली, तिथे मापे आली.

आपल्या जुन्या मापांचा एक विशेष आहे. ती निम्म्यानिम्म्याने उतरत जातात. शेराचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा निम्मा अदपाव आणि त्याचा निम्मा छटाक. नाण्यांचेही तेच. रुपया सोळा आण्यांचा. निजामी राजवटीतला हाली रुपयाही सोळा आण्यांचाच. त्याची निम्मी अधेली, तिची निम्मी पावली, तिची निम्मी चवली आणि चवलीचा निम्मा आणा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ही मंडळी हळूहळू व्यवहारातून निघून गेली. परंतु संगणकाचे गणित समजून घ्यायचे तर त्यांनाच पुन्हा बोलावले पाहिजे.

समजा, तुमच्या कनवटीला एक अधेली, एक पावली, एक चवली आणि एक आणा अशी चारच नाणी आहेत. दुकानदाराला तेरा आणे द्यायचे आहेत. अधेली द्यायची का? होय. पावली? होय. चवली? नाही. आणा? होय. आठ, चार आणि एक मिळून तेरा झाले. आता 'होय'च्या जागी १ आणि 'नाही'च्या जागी ० लिहा. ११०१ हा आकडा तयार होईल. संगणक तेरा ही संख्या अशीच लिहितो. या चार नाण्यांनी शून्यापासून पंधरापर्यंतची कोणतीही रक्कम देता येते आणि प्रत्येक रकमेची रीत एकच असते. या पद्धतीला द्विमान पद्धती म्हणतात.

बेरीजही पाहू. तेरा आण्यांत तीन आणे मिळवा. तीन आणे म्हणजे एक चवली आणि एक आणा. आण्यात आणा मिळाला, त्याची एक चवली झाली, ती हातची. तिच्यात दुसरी चवली मिळाली, त्यांची पावली झाली. पावलीला पावली भेटली, अधेली झाली. अधेलीला अधेली भेटली आणि रुपया पुरा झाला. यंत्र ज्या हातच्याने बेरीज करते, तो हाच. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करून जे साधले, त्यातला एक अगदी लहानसा भाग हे यंत्र करते. त्याला दोनाच्या पुढचा पाढा ठाऊक नाही. मात्र ते थकत नाही आणि त्याचा वेग अचाट आहे.

दोनच खुणांत सारे काही मांडण्याची कल्पना आपल्याकडे छंदशास्त्रात फार जुनी आहे. पिंगलाने अक्षरांचे लघु आणि गुरू असे दोन प्रकार मानले आणि त्यांच्या साऱ्या जोडण्या क्रमाने कशा मांडाव्यात याची रीत दिली. तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षराला दोन पर्याय. म्हणून गण आठच. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण शाळेत घोकताना आपण द्विमान पद्धतीतील शून्य ते सात हे आकडेच घोकीत होतो, हे आम्हांला तेव्हा कोणी सांगितले नाही. युरोपात लायब्निट्झने १७०३ साली शून्य आणि एक यांवर उभारलेले अंकगणित प्रसिद्ध केले. १८५४ साली जॉर्ज बूलने आणखी एक पाऊल टाकले. 'आणि', 'किंवा', 'नाही' हे बोलण्यातले शब्दही गणितासारखे मांडता येतात, असे त्याने दाखविले. वय अठरा पूर्ण आहे आणि नाव यादीत आहे, तर मतदान करता येईल. दोहोंपैकी एक 'नाही' आले की उत्तर 'नाही'. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात सिद्ध केले की, विजेच्या बटणांची जोडणी करून बूलचे सारे गणित करता येते. एकामागे एक दोन बटणे जोडली तर 'आणि'; शेजारी शेजारी जोडली तर 'किंवा'. थापटण्याचे काम आता विजेकडे आले.

यंत्राचा सांगाडा मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीच आखला गेला होता, आणि त्यात कापडाच्या धंद्याचा हात आहे. शेजारच्या सोलापूरची चादर ज्या जेकार्ड मागावर विणतात, त्याची रचना फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास झाली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे जात नाही. आणि पट्ट्यांच्या माळेप्रमाणे नक्षी उमटते. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेजने हीच पट्टी गणितासाठी घेतली. १८३७ च्या सुमारास त्याने ज्या यंत्राचा आराखडा केला, त्याचे दोन मुख्य भाग होते. एकाला त्याने कोठार म्हटले आणि दुसऱ्याला गिरणी. कोठारात संख्या ठेवायच्या, गिरणीत त्या दळायच्या, दळलेले पुन्हा कोठारात टाकायचे आणि केव्हा काय दळायचे ते भोकांच्या पट्ट्यांनी सांगायचे. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण आजच्या कोणत्याही संगणकात हेच चार भाग आहेत : आत घेण्याचे दार, कोठार, गिरणी आणि बाहेर देण्याचे दार. कळफलक आणि पडदा ही दारे, स्मृती हे कोठार आणि प्रक्रियक ही गिरणी. कणगी आणि जाते पाहिलेल्या माणसाला यात अवघड असे काही नाही.

यापुढची मोठी युक्ती अशी की, दळायच्या धान्याबरोबर दळण्याच्या सूचनाही त्याच कोठारात ठेवाव्यात. मग सूचना बदलल्या की तेच यंत्र वेगळे काम करू लागते. असे पहिले यंत्र २१ जून १९४८ रोजी इंग्लंडातील मँचेस्टर येथे चालले. त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि रझाकारांच्या भीतीने गावे झोपत नव्हती. तीन महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, आपण मुक्त झालो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः घडविलेले गणकयंत्र १९६० साली पुरे झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याच्या कोठारात २,०४८ शब्द मावत. एकेक शब्द चाळीस खुणांचा. म्हणजे सगळ्या मिळून ८१,९२० खुणा. पुढे १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला.

आता कोणी विचारील की, हे सारे आकड्यांचे झाले. आपली अक्षरे यंत्रात कशी राहतात? उत्तर सोपे आहे. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणारी युनिकोड नावाची यादी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीला पहिल्यापासून स्थान आहे. त्या यादीत आपल्या 'अ'चा क्रमांक २३०९ आहे. दोन हजार अठ्ठेचाळीस, दोनशे छप्पन्न, चार आणि एक अशी चार 'नाणी' दिली की 'अ' पुरा होतो. यंत्राला 'अ' ठाऊक नाही; त्याला ही चार नाणी ठाऊक आहेत.

येथे आम्ही आरंभी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे वळतो. आतले न कळणे बरे का वाटत नाही? कारण न वाचता येणाऱ्या कागदाचा अनुभव या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. निजामाच्या राज्यात १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची आणि कचेऱ्यांची भाषा झाली. गावात कुलकर्ण्याची लेखणी मोडीत चाले. शेतकरी बोलायचा मराठी. आणि त्याच्या जमिनीचा कागद, मोडीत असो वा उर्दूत, बहुतेकांना वाचता येत नव्हता. कागदात काय आहे ते दुसऱ्याने सांगायचे आणि याने मान डोलवायची. जमीन याची, पण तिच्याविषयीचे शब्द दुसऱ्याच्या ताब्यात, अशी ती स्थिती होती.

आज सातबारा संगणकावर आहे. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला आणि तो मराठीत असतो. हे मोठे काम झाले, यात शंका नाही. परंतु एका कचेरीत आम्ही स्वतः पाहिले की, नावातली एक वेलांटी चुकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगण्यात येत होते, "संगणकात तसेच आहे." ते गृहस्थ मान डोलवून परत निघाले. ती मान आम्हांला ओळखीची वाटली.

श्रोतेहो, संगणकात 'तसेच' आपोआप काही नसते. कोठारात जे कोणी टाकले, तेच तिथे असते. थापटणे मारून आवाज ऐकणारा कान माणसाचा आहे; यंत्र फक्त त्याने सांगितलेली खूण जपून ठेवते आणि विचारताच पुन्हा दाखविते. खूण चुकली असेल तर तीच चूक ते विजेच्या वेगाने आणि जराही न अडखळता हजार ठिकाणी दाखवील. हे ज्याला कळले, तो तिथून मान डोलवून परत येणार नाही. ही खूण कोणी केली, कशावरून केली आणि ती दुरुस्त कशी होते, असे तीन प्रश्न तो विचारील. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या पिकाची नोंद आपल्याच फोनवरून करायची सोय झाली आहे. म्हणजे थापटणे आता त्याच्याही हाती आले आहे. ते धरायचे कसे, हे त्याला त्याच्या शिकलेल्या मुलामुलीने सांगितले पाहिजे. संगणकाच्या प्राथमिक अभ्यासाचे खरे फळ हे आहे. नोकरीच्या अर्जाला जोडायचे प्रमाणपत्र हा त्याचा सगळ्यांत लहान भाग आहे.

शेवटी नामदेवांकडे जाऊ. 'कच्चे' हा शेरा त्यांच्या नावापुढे लागला, पण तिथे गोष्ट संपली नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले, शिकले आणि पक्के झाले. आपल्या संतांच्या दरबारात शेरा बदलण्याची सोय होती. यंत्राच्या दरबारातही ती आहे. एकाचे शून्य आणि शून्याचे एक करणे हे तर त्याचे सर्वांत सोपे काम. ते करायला सांगणारा माणूस मात्र जाणता हवा.

गोरोबाकाकांच्या मुलखात तो जाणता माणूस घडविणे आपल्याला अवघड वाटू नये.