गर्भावस्थेतील मद्यपान : एका वैद्यकीय विस्मृतीचा इतिहास

गर्भवतीच्या मद्यपानामुळे अर्भकाची हानी होते, हे ज्ञान सामान्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. वस्तुतः लंडनमध्ये स्वस्त जिनचा सुळसुळाट असताना, १७२६ मध्ये, तेथील वैद्यक महाविद्यालयाने संसदेला दिलेल्या निवेदनात या व्यसनापायी दुर्बळ व रोगट मुले निपजत असल्याचे नमूद केले होते.

आकडेवारीचा आधार मात्र १८९९ मध्ये मिळाला. लिव्हरपूल तुरुंगाचे वैद्य विल्यम सुलिव्हन यांनी १२० मद्यपी स्त्रियांची माहिती तपासली. त्यांच्या ६०० अपत्यांपैकी ३३५ मृत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत दगावली. त्यांच्याच नात्यातील निर्व्यसनी स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. गर्भारपणात तुरुंगवास घडल्याने दारूपासून सक्तीने दूर राहिलेल्या काही स्त्रियांची मुले तर वाचली. दोष केवळ आनुवंशिक नाही, हे दाखविणारा याहून बोलका पुरावा त्या काळी क्वचितच असेल!

तरीही तो बाजूला पडला. मद्यविरोधी चळवळीच्या नैतिक आवेशाशी हा विषय जोडला गेला होता. १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठल्यावर तो जुनाट ठरला. इतका की, १९६० च्या दशकात अकाली प्रसूती थोपविण्यासाठी गर्भवतींना शिरेतून अल्कोहोल दिले जाऊ लागले.

१९६८ मध्ये फ्रान्समधील पॉल लमवान यांनी मद्यपी पालकांच्या १२७ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच भाषेतील हा लेख बाहेर फारसा वाचला गेला नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मधून या लक्षणसमूहास ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. शिरेतून अल्कोहोल देण्याचा उपचार त्यानंतरही काही वर्षे चालू होता.