मोऱ्याच्या भट्ट्या आणि सिंधूची जबानी

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभरात मोरा बंदराला लागते. ओहोटी फार असेल तर गाळामुळे लाँच थांबते आणि उतारू धक्क्यावर पाण्याची वाट पाहत बसतात. २०२४ साली अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल गाडीही आली. तरी माझ्यासारख्या जुन्या माणसाला हा पाण्याचा रस्ता सोडवत नाही. मोऱ्याला उतरणाऱ्या आजच्या माणसाला मात्र सहसा ठाऊक नसते की, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या बंदरातून मुंबईला जो माल जाई, त्यात मीठ, भात आणि मासळी यांच्या जोडीला दारू हा एक मोठा जिन्नस होता.

उरण त्या काळी पनवेल तालुक्यात मोडत असे. उरणचे करंजा बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि १७७४ साली साष्टीबरोबर इंग्रजांकडे गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात उरण आणि मोरा हे दारू गाळण्याचे मोठे केंद्र बनले. भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या. मोहाची वाळलेली फुले पाण्यात भिजत घालायची, ती आंबली की तांब्याच्या भांड्यात उकळायची आणि वाफ थंड करून दारू उतरवायची, अशी ही रीत. ही दारू होड्यांत भरून मुंबईच्या गुत्त्यांवर जाई. गिरणगावातला मजूर पगार जिथे मोकळा करी, त्या गुत्त्याची मुळे अशी खाडीपलीकडे मोऱ्याच्या मातीत होती.

सरकारचे या धंद्याकडे लक्ष होते, ते अबकारी उत्पन्नासाठी. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला आणि तो लागू झाला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना. जंगलात पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचणाऱ्या कातकरी-ठाकरांच्या टोपलीवर त्यामुळे निर्बंध आले. घरच्या घरी दारू गाळली गेली तर परवान्याच्या भट्टीचे आणि पर्यायाने तिजोरीचे नुकसान होते, हा त्यामागचा हिशेब. घरांत काय चालले आहे हे त्या हिशेबात कुठेच नव्हते. ते विचारणारी माणसे वेगळी होती. पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी विरोध केला. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन केले. पण गुत्त्याच्या दारावर उभे राहणे निराळे आणि पिणाऱ्याच्या घरात शिरणे निराळे. घरात शिरले ते एक नाटक.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. ते पाहण्यास गडकरी हयात नव्हते. त्याआधी महिनाभर, २३ जानेवारीला, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू.

कथा वाचकांना परिचित आहे. तरी तिच्यातील एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. त्याचा अहंकार दुखावतो, सनद काही काळ रद्द होते आणि त्या अपमानाच्या जळजळीवर उतारा म्हणून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. गडकऱ्यांचे मोठेपण असे की, त्यांनी मद्यपी हा जन्मतःच नीच दाखविला नाही. मध्यंतरी तो दारू सोडतोसुद्धा. पण जगात परत उभे राहण्याला त्याला जागा मिळत नाही, पूर्वीचे स्नेही तोंड फिरवितात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसनमुक्तीच्या कामात जे पडले आहेत, त्यांना हा भाग किती खरा आहे हे सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या बाजूला तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आहे. तिथले संवाद इतके हास्यकारक आहेत की प्रेक्षक खुर्चीत मावत नाही. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य यांची जी जुंपते, तिला तर अजूनही दाद मिळते. एकाच नाटकात दारूवर हसावयाचे आणि दारूमुळे रडावयाचे, हे आपल्याला कधी विचित्र वाटले नाही. आपण घरीही तेच करतो. लग्नाच्या मांडवात ज्या माणसाच्या झोकांड्यांवर सारे हसतात, तोच रात्री घरी गेल्यावर काय करतो, हे त्या हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक असते.

सिंधू दळण दळून पोट भरते. माहेरची मदत घेत नाही. अखेर दारूच्या झोकात सुधाकराच्या हातून तान्हे मूल जाते, आणि तीही मरणाच्या दारी पडते. फौजदार येतो. तेव्हा ती पतिव्रता आपल्या शेवटच्या श्वासावर खोटी जबानी देते, नवऱ्यावर दोष येऊ नये म्हणून. या प्रवेशाला महाराष्ट्र शंभर वर्षे रडत आला आहे. मीही रडलो आहे. सेमिनरीत असताना आम्ही विद्यार्थ्यांनी या नाटकातील काही प्रवेश वाचले होते, तेव्हा वाचणाऱ्याचा कंठ दाटून आला होता आणि आम्हां ऐकणाऱ्यांचाही. सिंधूच्या सोशिकपणावर टीका करणारे समीक्षक पुढे झाले. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. त्या घरात पाळण्यात एक मूल होते. ते जगले असते, मोठे झाले असते, तर त्याने कोणती जबानी दिली असती?

पडद्यावरही ही जबानी कोणी मागितली नाही. १९३९ साली मास्टर विनायकांनी ‘ब्रँडीची बाटली’ काढला. लेखन आचार्य अत्र्यांचे, नायक दामुअण्णा मालवणकर. ब्रँडी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, असा एक भोळा कारकून बाटलीच्या शोधात हिंडतो, अशी ही हास्यकथा. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. ती आणणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते आणि सर्वांत मोठा विरोध पारशी समाजातून झाला, कारण धंदा त्यांच्या हातात होता. मंत्रिमंडळ त्याच वर्षी गेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यात मिस्सेच्या वाइनसाठी परवानगीची तरतूद होती. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना तेवढेच आठवते. बंदीने हातभट्टीला ऊत आला, मुंबईत ‘आंटीचे’ अड्डे निघाले, आणि त्या आंट्यांपैकी कित्येक आपल्याच लोकांतल्या होत्या. हिंदी चित्रपटांनी पुढे ख्रिस्ती माणूस म्हणजे दारूचा गुत्ता, असे समीकरण करून टाकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनीसुद्धा अड्डाच चालवितो. आपण त्यावर रागावलो. रागावण्याला कारण होते. पण त्या रागाच्या आड आपल्या घरातले दुखणे झाकण्याची सोयही झाली.

अलीकडे माझ्या भाच्याने मला एक इंग्रजी चित्रपट दाखविला: ‘रे अँड लिझ’, २०१८ सालचा, थोड्या पैशांत केलेला. दिग्दर्शक रिचर्ड बिलिंगहॅम हा मूळचा छायाचित्रकार. इंग्लंडच्या मध्यभागातल्या कारखान्यांच्या मुलखात त्याचे बालपण गेले. वडील रे यांची नोकरी गेली आणि ते बाटलीत बुडाले. आई लिझ धुम्रपानात आणि संतापात. मुलाने आधी त्यांची छायाचित्रे काढली, ती १९९६ साली पुस्तकरूपाने आली, आणि पुढे बावीस वर्षांनी त्याच घराचा चित्रपट केला. चित्रपटात कोणी मोठे भाषण करीत नाही. धाकटा भाऊ एका रात्री घरी न जाता दुसऱ्याच्या आडोशाला थंडीत झोपतो. आईबापांना त्याचा पत्ता नसतो, आणि शेवटी सरकारी माणसे त्याला दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवितात. नव्या घरी जाण्यात मुलाला दुःख वाटत नाही, हे पाहून मी हादरलो. सूड नाही, वडिलांची निंदाही नाही. जे पाहिले, ते दाखविले.

म्हणजे सिंधूच्या पाळण्यातले मूल तिथे जगले आहे आणि बोलते आहे. मराठीत ते अजून पुरते बोललेले नाही.

ते बोलावे म्हणून जागा तयार करणारी माणसे मात्र आपल्याकडे झाली. वसईचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनची सुरुवात केली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा हात लागला. या ठिकाणी पिणाऱ्याबरोबर घरच्यांनाही बसवितात. बायका पहिल्यांदा खरे बोलतात, ते बहुधा तिथे.

एक माझे स्वतःचे सांगितले पाहिजे. तरुण धर्मगुरू असताना मी एका किनाऱ्यावरच्या धर्मग्रामात होतो. नेहमी मिस्सेला येणाऱ्या एका बाईच्या कपाळावर एका रविवारी टाका घातलेला दिसला. विचारले तर म्हणाली, “फादर, विहिरीवर पाय घसरला.” तिच्या मागे आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता, आईकडे नाही. मी म्हटले, “जपून चालत जा बाई,” आणि पुढच्या माणसाकडे वळलो. मला ठाऊक होते. तिला ठाऊक होते की मला ठाऊक आहे. तीन वर्षांनी माझी बदली झाली. तोवर तो मुलगा वेदीसेवक म्हणून माझ्याजवळच उभा राहत असे, आणि मी त्याला कधी काही विचारले नाही.

गेल्या महिन्यात लाँचमधून उतरताना मोऱ्याच्या धक्क्यावर मी बराच वेळ थांबलो. होड्यांत भरून गेलेल्या त्या दारूची मोजदाद सरकारने थेंबाथेंबाने केली होती. जेट्टीवर एक छोटा मुलगा भरतीचे पाणी चढेल तशा पायऱ्या मोजीत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि किती झाल्या ते विचारले.